खापरपणजोबा ‘शेतकरी’ होते, म्हणजे नेमके कोण होते?

प्रश्न थोडक्यात असा. तुमचे खापरपणजोबा फोंडा महालात, शिरोड्याच्या बाजूला नदीकाठच्या एका गावात शेती करत. जन्म १८४० च्या आसपासचा, मरण शतक संपायच्या जरा आधीचे. आज गिरगावात तुमची तिसरी पिढी आहे आणि घरात त्यांच्याबद्दल तीनच गोष्टी उरल्या आहेत: नव्वद खंडी भात यायचे, त्यांना दोन बायका होत्या, आणि जमीन पोर्तुगीजांनी काढून घेतली. त्यांचा संसार कसा असेल आणि या तिन्हींत खरे किती, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली तीसेक वर्षे जुने कागद वाचून देतो, मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही. माझ्याकडे येणारा प्रत्येकजण पूर्वजाचे नाव घेऊन येतो. मी त्याला विचारतो ते दुसरेच: तो कुठल्या जमिनीत उभा होता, आणि ती जमीन कुणाची होती? नाव नंतर शोधू. गोव्यातल्या त्या काळच्या शेतकऱ्याचे घर, जेवण, कर्ज, लग्न, इतकेच काय मरणानंतरचा कागदसुद्धा या एका उत्तरावर ठरतो.

कारण कागदात सगळ्यांच्या नावापुढे एकच शब्द असतो, ‘लाव्रादोर’, म्हणजे शेती करणारा. तीन जोड बैल बाळगणाराही लाव्रादोर आणि दुसऱ्याच्या भाटात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, झोपडी घालून राहणाराही लाव्रादोर. ‘प्रोप्रिएतारियु’, म्हणजे मालक, असे लिहिलेले दिसले तर मात्र समजा की माणसाच्या नावावर काहीतरी होते. तुमच्या हाती एखादे जुने खत, म्हणजे दस्तऐवज, आले तर आधी हे दोन शब्द शोधा.

तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण तिचा गुंता सर्वांत जास्त आहे.

फोंडा महाल पोर्तुगीजांकडे आला १७६३ मध्ये, सोंद्याच्या राजांच्या पडत्या काळात. म्हणजे तुमच्या खापरपणजोबांच्या जन्माआधी पाऊणशे वर्षे. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, सोळाव्या शतकात देवळे पडली, गावकऱ्यांचे हक्क बाटलेल्यांकडे गेले, माणसे देव घेऊन खाडीपलीकडे पळाली. तीच देवळे पुढे तुमच्या फोंड्यात आली; मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही नावे त्याचीच. पण नव्या काबिजादी, म्हणजे फोंड्यासारखे मागाहून मिळालेले महाल, हाती येईपर्यंत पोर्तुगीजांचा तो जोर ओसरला होता. इथल्या लोकांचे धर्म आणि रीतिरिवाज सांभाळू, असे त्यांनी कबूल केले आणि मोठ्या अंशी पाळलेही. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. तेव्हा १८४० नंतर जन्मलेल्या हिंदू शेतकऱ्याची जमीन धर्मापायी गेली, ही गोष्ट जुन्या काबिजादींतून उसनी आणलेली असते. मुंबईला गेल्यावर सगळ्या गोंयकारांच्या गोष्टी एकमेकांत मिसळल्या, त्यातलाच हा प्रकार.

मग जमीन होती कुणाची? नदीकाठच्या गावात बहुतेक चांगली शेते गावकरीची, म्हणजे कोमुनिदादीची असत. गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांची ती सामाईक मिळकत. शेते ठरावीक मुदतीने पावणीला, म्हणजे लिलावाला, निघत, जास्त बोली लावील त्याला मिळत. आलेल्या उत्पन्नातून कर, देवळाचा खर्च, बांधांची दुरुस्ती भागवून उरलेले गावकऱ्यांत ‘जण’ म्हणून वाटले जाई. लक्षात घ्या, गावकर असणे वेगळे आणि शेत कसणे वेगळे. जण घेणाऱ्या कित्येकांनी आयुष्यात नांगराला हात लावला नसेल, आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच मळा कसणाऱ्याला त्यात एक दिडकीचा हक्क नसेल. ‘आमचे शेत’ असे दोघेही म्हणत.

दुसरा प्रकार भाटकाराचा. माड, पोफळी, डोंगराकडची मरड, म्हणजे उंचावरची, शेते एखाद्या भाटकाराच्या मालकीची. त्यात मुंडकार राहणार. राहायला जागा मिळे, त्या बदल्यात भाटाची राखण, नारळ पाडायच्या वेळी हजेरी, भाटकाराकडच्या लग्नकार्यात बिनपैशाचे काम. घरावर नळे, म्हणजे कौले, घालायचे तरी त्याला विचारायचे. कारण नळे घातले की घर पक्के, आणि पक्के घर म्हणजे उद्याचा दावा. म्हणून भाटकाराला मुंडकाराचे छप्पर गवताचे किंवा माडाच्या चुडतांचेच बरे वाटे. तुमच्या घरात ‘आमचे घर शाकारलेले होते’ अशी आठवण असेल तर ती नुसती गरिबीची खूण समजू नका.

तिसरे म्हणजे आफोरामेंत: कोमुनिदादीची पडीक जमीन कायमचा खंड ठरवून घ्यायची आणि स्वतः लागवडीला आणायची. आत वळलात, सावईवेरे, केरी, प्रियोळकडे, तर कुळागरे. पोफळी, माड, केळी, मिरवेल आणि डोंगरातल्या झरीचे पाणी पाटाने वाटून घेणे. तिथला शेतकरी नदीकाठच्यापेक्षा अगदी वेगळा जगला, म्हणून त्याबद्दल इथे बोलत नाही. डोंगरमाथ्यावर कुमेरी, म्हणजे रान तोडून-जाळून फिरती शेती, करणारे आणखी वेगळे.

तुमचे गाव नदीकाठचे, म्हणजे खाजनाचे. इथे थोडे थांबू, कारण खाजन ज्याला कळले त्याला ते घर कळले.

खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून मागे खेचलेली. बांध चिखलाचा, पाण्याकडच्या अंगाला चिऱ्यांचा थर, मध्ये पेंढा आणि खारफुटीच्या फांद्या. बांधात जागोजाग मानस, म्हणजे लाकडी दारे. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच दार मिटते, ओहोटी लागली की आतले पाणी ते ढकलून बाहेर पडते. माणूस लागतो तो राखणीला. आतल्या शेतांतून पाणी आणणारी पोंय साफ ठेवायची, मानशीच्या फळ्या कुजल्या की बदलायच्या, खेकड्यांनी बांधाला पाडलेली बिळे बुजवायची. खेकड्याचे एवढेसे बीळ अमावास्येच्या भरतीला हातभर होते आणि पहाटेपर्यंत बांध जातो. एकदा बांध गेला की त्या सालचे पीक गेलेच, शिवाय आत मुरलेले मीठ धुवून निघायला दोन-तीन पावसाळे लागतात. तोवर खंड द्यायचाच.

मानशीवर जाळे लावून मासे धरण्याचा हक्कही पावणीला निघे आणि शेताच्या मानाने त्याची बोली चांगली लागे. इथे कायमचे भांडण असे. मासे धरणाऱ्याला खारे पाणी आत हवे, शेतकऱ्याला नको. जुन्या कागदांत नदीकाठच्या गावांतल्या निम्म्या तक्रारी या एकाच गोष्टीच्या असतात, आणि आजही फार बदल झालेला नाही.

या जमिनीत पीक कोरगुटाचे. मीठ सहन करणारे, उंच वाढणारे, तांबडट दाण्याचे भात. मृगाचा पाऊस पडून वरचे मीठ धुवून निघाले की मोड आणलेले बी फेकायचे. वरच्या बाजूला गोड्या पाण्याची मरडे असतील तिथे तरवा काढून लावणी. ऑक्टोबरपर्यंत सरद, म्हणजे पावसाळी पीक, उरकायचे. झरीचे पाणी असेल तिथे मग वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे दुसरे भात, नाहीतर ओलीवर कुळीथ, अळसांदे, उडीद. मार्चपासून काजू. उन्हाळ्यात मिठाच्या आगरात मजुरी, आणि पाऊस यायच्या आत घर शाकारून, लाकडे रचून, पुर्मेंत भरून मोकळे व्हायचे. पुर्मेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी: सुके बांगडे, खारवलेले मासे, सोलां, चिंच, मिरची, मीठ.

मिठावरून सांगतो. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांचा करार झाला आणि गोव्याच्या मिठाचा मक्ता इंग्रजांच्या हाती गेला. १८९२ पर्यंत तो करार चालला. त्याच करारातून मुरगाव बंदर आणि घाटावर जाणारी रेल्वे आली. १८८८ मध्ये गाडी कॅसलरॉकपर्यंत धावू लागली. इतिहासाच्या पुस्तकात ही प्रगतीची ओळ असते. तुमच्या खापरपणजोबांच्या वयाच्या पन्नाशीकडे पाहिले तर दिसते ते असे: आगरातली उन्हाळी मजुरी आटली, मीठ महाग झाले, मासे खारवायचे कठीण झाले, आणि घाटावरून बैलांच्या पाठीवर धान्य आणून मीठ-नारळ नेणाऱ्या लमाणांचे तांडे कमी होत गेले. याच वर्षांत तुमच्या घरातला पहिला माणूस मुंबईला निघाला असेल तर मला नवल वाटणार नाही.

आता नव्वद खंडी.

खंडी म्हणजे वीस कुडव. पुढे मेट्रिक मापात कुडव आठ लिटरचा धरला गेला, म्हणजे खंडी १६० लिटर. अशी एक खंडी भात वजनाला नव्वद किलोच्या आसपास भरते. नव्वद खंडी म्हणजे आठ टन. शेणखत आणि राख एवढ्यावर त्या काळच्या बियाण्याला हेक्टरी सव्वा-दीड टन मिळाले तरी पीक चांगले म्हणायचे, असा माझा अंदाज आहे. म्हणजे नव्वद खंडीला पाच-सहा हेक्टर शेत हवे. एक बैलजोडी पावसाच्या त्या मोजक्या आठवड्यांत फार तर दीड-दोन हेक्टर चिखलणी करते. तेव्हा तीन जोड्या, सहा बैल, आणि लावणी-कापणीला वीस-पंचवीस माणसे. असा शेतकरी गावात एखादा-दुसराच, आणि त्याच्या घराचे माप, त्याचे देवळातले स्थान लपून राहत नाही.

उलट बाजूने पाहा. आठ माणसांच्या घराला, लहान पोरे धरून, वर्षाला तेराशे किलो तांदूळ तरी लागणार. भात म्हणून तो दोन टन, म्हणजे बावीस खंडी. एका जोडीने कसणाऱ्याला पीक येई पंचवीस-अठ्ठावीस खंडी. अर्धेलीवर असेल तर घरात तेरा-चौदा, त्यातूनच पुढच्या वर्षाचे बी. सोपे गणित: ऑक्टोबरात भरलेला कणगा मे-जूनला तळ दाखवतो, आणि नेमके तेव्हाच कष्टाचे दिवस सुरू होतात. आषाढ-श्रावणात नाचणीची अंबील, कुळथाची पिठी, फणसाच्या घोट्या, डोंगरातले कंद, आणि दुकानदाराकडून किंवा भाटकाराकडून वाढीदिढीने आणलेले भात. चवथीला नवे कणीस घरात येते त्याचे एवढे कौतुक का, हे हे गणित केल्याशिवाय कळत नाही. गोव्याला स्वतःचा तांदूळ तेव्हाही पुरत नव्हता. बाहेरून आणावाच लागे.

मग नव्वद खंडी खोटे? माझ्या अनुभवात घरच्या गोष्टीतला आकडा सहसा खरा असतो, क्रियापद बदललेले असते. ‘नव्वद खंडी यायचे’ की ‘नव्वद खंडी मोजायचे’? भाटकाराचे किंवा देवळाचे भात मापून घेणारा मुकादम, किंवा पावणीत मोठा मळा स्वतःच्या नावावर घेऊन तो पाच-सहा घरांना वाटून देणारा कर्ता माणूस, यांच्या अंगणातून नव्वद खंडी जात असे. कणग्यात मात्र त्यातले दहा-पंधराच राहत. मी तुमच्या जागी असतो तर या दिशेने शोधले असते.

घराचे चित्र असे काढा. खाली चिऱ्यांचा जोता, मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, पुढे तुळस, एका अंगाला गोठा. खिडक्या जवळजवळ नाहीत. पुरुषाच्या अंगावर काष्टी आणि खांद्यावर कांबळ, पावसात तीच डोक्यावरून खोळ करून. लावणी करणाऱ्या बायकांच्या पाठीवर इरले. पहाटे नांगर धरायचा, उन्हे वर आल्यावर मेरेवर बसून उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला खारातली कैरी किंवा निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. रात्री भात आणि मिळाले तर हुमण, म्हणजे माशाचे कालवण.

‘शेतकऱ्याचे जीवन’ म्हटले की नांगर धरलेला पुरुष डोळ्यांपुढे येतो. पण तासांचा हिशेब मांडलात तर घरातल्या बाईचा दिवस लांब होता. भात रात्री भिजत घालणे, तांब्याच्या भाणात उकडणे, वाळवणे, मग वायनात कांडणे. आठ माणसांचे रोजचे तांदूळ कांडायला पहाटेचे दोन तास सहज जात. त्यावर लावणी, निंदणी, कापणी, मळणी, लाकडे, पाणी, गुरे. आणि हे सगळे पोटात किंवा पाठीशी मूल असताना. पौषातले धालो, बायकांचा नाच-गाण्यांचा उत्सव, म्हणजे या बायकांच्या हक्काच्या चार रात्री. शिगमा, दसरा, जत्रा यांचे वर्णन तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, मी ते सोडतो. फक्त एक: दिवाळीच्या पाडव्याला गुरांना न्हाऊ घालून, हार घालून, गोड खाऊ घालत. बैल मेला तर घर बुडत असे, त्यामुळे त्यात देखावा काही नव्हता.

इथून दोन बायकांकडे येऊ.

तुम्हाला वाटते तशा एकाच वेळी दोन होत्या का? असू शकतात. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली, पण हिंदूंच्या रूढींसाठी १६ डिसेंबर १८८० चा वेगळा हुकूम निघाला. त्यात पहिली बायको असताना दुसरी करायला मोकळीक ठेवली, तीही अटींवर: पहिलीला पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूलच झाले नाही, किंवा ती तिशी ओलांडूनही मुलगा नाही, अशा काही ठरावीक परिस्थितींत. सगळ्या अटींचे टोक एकच, मुलगा हवा. शेत कसायला, पावणीत उभे राहायला, गावकर असेल तर जण घ्यायला.

पण शेतकऱ्याच्या घरी दोन बायका एकदम पोसणे परवडत नसे. जास्त वेळा घडायचे ते असे: पहिली बाळंतपणात गेली, मागे दोन पोरे, वर्षाच्या आत दुसरी आणली. ती पंधरा-सोळाची, तो तिशीचा. घरच्या आठवणीत पहिलीचे मरण पुसले जाते आणि ‘दोन बायका’ उरतात. पोरे गेल्याची खूण नावांत सापडते. भिकू, धोंडू, दगडू ही नावे हौसेने ठेवलेली नसत. आधीची मुले जगली नाहीत म्हणून देवाकडे भीक मागून घेतलेला, दगडासारखा टिकावा म्हणून नाव दिलेला, असा तो मुलगा. तुमच्या वंशावळीत भिकू असेल तर त्याच्याआधी दोन-तीन नावे रिकामी समजा.

नावांचा आणखी एक फास आहे. नातवाला आजोबाचे नाव. म्हणजे रामाचा सोयरू, सोयरूचा रामा, रामाचा सोयरू. मी स्वतः एका घराण्याच्या कामात आजोबा आणि नातू एकच धरून बसलो होतो. दोन वर्षे त्या माणसाला मी एकशे दहा वर्षांचा करून ठेवला आणि त्याची कर्जे त्याच्याच आजोबाच्या माथी मारली. एका खतात आईचे नाव सापडले तेव्हा चूक कळली. तेव्हापासून मी वडिलांच्या नावावर विश्वास ठेवत नाही. आईचे नाव मिळाल्याशिवाय पिढी नक्की करत नाही.

आडनावाचेही तेच. नाईक, गावडे, गावकर ही नावे कितीतरी समाजांत आहेत. पोर्तुगीज कारकून कानाला पडेल तसे लिही: परब-प्रभूचा ‘पोरोबो’, शेणवीचा ‘सिनाय’, कामतचा ‘कामोती’. एकाच माणसाचे नाव एकाच खतात दोन तऱ्हांनी लिहिलेले मी पाहिले आहे. मोठ्याने वाचा, म्हणजे नाव कळते.

आता सर्वांत मोलाचा कागद. तुमचे खापरपणजोबा मेले तेव्हा एखादे तरी मूल अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेले, असेल, आणि मागे थोडीफार मालमत्ता असेल, तर कोर्टात इन्व्हेंतार, म्हणजे मालमत्तेची आणि वारसांची यादी, झाला असण्याची शक्यता आहे. नागरी संहितेप्रमाणे अज्ञान वारसांसाठी तो करावाच लागे. यात घराची प्रमुख म्हणून, ‘काबेसा द काझाल’ म्हणून, सहसा विधवा उभी राहते आणि शपथेवर मालमत्ता सांगते. त्या काळच्या शेतकरी बाईचा आवाज कागदावर उमटतो तो जवळजवळ इथेच. सही येत नसल्याने दुसरा कोणी तिच्या वतीने सही करतो, ‘आ रोगु’ असे लिहून. पण यादी तिची असते. बैल रंगासकट, एकाचे शिंग मोडलेले तेही. तांब्याचा भाण, पितळेची समई, दोन कोयते, नांगराचा फाळ, पोफळी मोजून. मग देणी: दुकानदाराचे इतके, भाटकाराचे इतके कुडव भात, बैल आणला त्याचे राहिलेले. मग मुले, वयासकट. आधीच्या बायकोची आधी, हिची नंतर. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अशा एका कागदात मिळू शकतात. शतकाच्या अखेरच्या इन्व्हेंतारांत मुलीही वारस म्हणून दिसतात, आणि लगेच पुढच्या पानावर त्यांनी भावांसाठी हक्क सोडलेला दिसतो.

खते वाचताना नाण्यांत फसू नका. १८७१ पर्यंत रुपया ६०० रेइसांचा आणि अश्रफी ३०० ची. म्हणजे दोनशे अश्रफींचे कर्ज म्हणजे शंभर रुपये. त्यानंतर रुपया १६ टंगांचा, ९६० रेइसांचा झाला. जुने कर्ज नव्या खतात उतरवताना आकडा फुगलेला दिसतो आणि वारसांना वाटते सावकाराने लुबाडले. कधी लुबाडलेले असते, कधी नुसते नाणे बदललेले असते.

‘काढून घेतली’ याचे उत्तर बहुधा इथेच, देण्यांच्या पानावर आहे. बांध फुटला, दोन वर्षे पीक नाही, खंड तुंबला, पुढच्या पावणीत दुसऱ्याने बोली वाढवली, शेत गेले. किंवा थोडी स्वतःची मरडी होती ती गहाण पडली. किंवा, हे सांगताना पाहुण्यांना राग येतो पण सांगतो, चुलतभावांपैकी ज्याला लिहिता येत होते त्याने नोंद स्वतःच्या नावावर करून घेतली. सरकारचा कर जाचक होता, यात शंका नाही. सत्तरी महालात १८५२ मध्ये दीपाजी राणे उठले त्यामागे तोही एक सल होता. पुढे १८६९ नंतर कुष्टोबा, १८९५ ला दादा राणे. जाता जाता: माझ्याकडे आलेल्या दर दुसऱ्या घराण्याचा पूर्वज राण्यांच्या बंडात होता. तेवढी माणसे खरेच असती तर पोर्तुगीज एकोणिसाव्या शतकातच गेले असते.

शोधायचे कसे, ते मागून पुढे नाही, पुढून मागे. गावात आज कुणाच्या नावावर काय आहे त्याचा एक-चौदाचा, म्हणजे सातबारासारखा, उतारा काढा. त्यावरून जुन्या मात्रीजीतली, म्हणजे जमिनीच्या करवहीतली, नोंद, तिथून जमीन नोंदणीतले वर्णन, त्यात लिहिलेल्या खताची तारीख, मग नोटरीची वही. पणजीचे पुराभिलेख खाते १५९५ पासूनची परंपरा सांगते आणि तिथे मोडी कागदही भरपूर आहेत. पण नुसते नाव घेऊन तिथे गेलात तर आठवडा फुकट जाईल. खापरपणजोबांची मृत्युनोंद शोधू नका. सगळ्यांसाठी नागरी नोंदणी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाली. त्यांच्या मुलांपैकी जो नंतर मेला किंवा ज्याचे लग्न नंतर झाले, त्याची नोंद काढा. तीत बापाबरोबर आईचे नाव असते. दोन भावांच्या नोंदींत दोन वेगळ्या आया निघाल्या, तर दुसरी गोष्ट खरी ठरली. देवळाच्या महाजनांची, म्हणजे देवळावर हक्क असलेल्या घराण्यांची, यादीही पाहा. १८८६ च्या माझानी, म्हणजे देवळांच्या कारभाराच्या, नियमांनंतर त्या नीट ठेवल्या जाऊ लागल्या. त्यात नाव नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. ज्यांनी देवळाची शेते कसली त्यांची नावे त्या यादीत नसतातच.

आणि चवथीला गावी जाल तेव्हा कागद विचारण्याआधी शेतांची नावे विचारा. सर्व्हे नंबर नको, लोक आपसांत बोलताना म्हणतात ती. नदीकाठच्या गावांत प्रत्येक तुकड्याला नाव असते, आणि कधी कधी ते कसणाऱ्याचे असते: अमक्याची मेर, तमक्याचा कोन. म्हातारी माणसे अजून सांगतात. तुमच्या खापरपणजोबांचे नाव, वाड्याचे नाव आणि अशी पाच-सहा शेतांची नावे मला कळवा. मानशीच्या कुठल्या बाजूला ते शेत आहे, तेही विचारून ठेवा.